न वाळणारे केस

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना भीक घालणारी बाई नाही. नजर, करणी, अंगात येणं... पार्लरमध्ये रोज कोणीतरी काहीतरी सांगतंच, आणि मी म्हणते, "ताई, मान खाली करा." बावीस वर्षं झाली, नागपुरात हुडकेश्वरला घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. नवरा गेल्यापासून एकटीच आहे. तोंडाने फटकळ आहे, पण खोटं बोलत नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. मंगळवार, दुपारचे दोन. मंगळवारी आमच्याकडे केस कापायला कोणी येत नाही, म्हणून मी कूलरसमोर पाय पसरून बसले होते. दारात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी उभी. सावळी, अनवाणी, आणि गुडघ्यापर्यंत लांब ओले केस.

"काकू, केस कापून द्या ना. खांद्यापर्यंत."

"काहून वं? एवढे चांगले केस."

"मले शाळेत जायचं हाये."

घरी कोण कोण, विचारलं. सहा मोठ्या बहिणी, म्हणाली. खाप्याला, कन्हान नदीत. "मोठी नाही म्हणते. केस कापले का मंग वापस जाता येत नाही."

घरी काहीतरी भांडण झालं असेल, असं मी धरून चालले. माझा एक नियम आहे – लहान मुलीचे लांब केस घरच्यांना विचारल्याशिवाय कापायचे नाहीत. एकदा एकीची आई भांडायला आली होती, तेव्हापासून. म्हटलं, "बहिणीला घेऊन ये. तोवर बस, केस तरी वाळवून देते."

पाऊण तास ड्रायर चालवला. नागपूरचा मे... दोरीवरची चादर दहा मिनिटांत कडक होते. हिचे केस ठिबकतच राहिले. खाली ठेवलेली बादली भरली. मी ती उचलून कूलरमध्ये ओतली. उन्हाळ्यात पाणी वाया कसं घालवायचं?

मग ती दर मंगळवारी येऊ लागली. तर्रीपोहे खायची, नाकाडोळ्यांतून पाणी यायचं तरी अजून मागायची. भिंतीवरचं दरपत्रक बोट ठेवून अक्षर अक्षर लावायची. पुलावरून सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलींना ती रोज खालून बघायची म्हणे. बहिणींचं काही विचारलं की परत दरपत्रकाकडे वळायची. एकदा मात्र म्हणाली, "त्यायच्याशिवाय झोप येत नाही मले. पण तिथं मी मोठीच होत नाही, काकू. किती पावसाळे झाले, एवढीच हाये."

माझं माहेर खाप्याचं. नदीकाठी शेंदूर लावलेले सात दगड आहेत. सात आसरा, पाण्यात राहणाऱ्या बहिणी... लहानपणी आईबरोबर त्यांना बांगड्या वाहायला जायचे. म्हणजे ही पोरगी कोण, हे मला कळलंच नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

चौथ्या मंगळवारी ती सहाजणींना घेऊन आली. हिरवी लुगडी, भर उन्हात काठ ओले. मोठी पुढे आली. मला वाटलं, आता ही भांडणार.

"कापा बाई," ती म्हणाली. "रोज रडून राहिली. आमच्याच्यानं पाहवत नाही. फक्त एक डाव आमाले विंचरू द्या."

सहाजणी तिच्यामागे फरशीवर बसल्या. एकीचं विंचरून झालं की ती फणी दुसरीकडे द्यायची. पोरगी रडत होती, पण मान हलवत नव्हती. शेवटी मोठीने वेणी घातली आणि ती माझ्या हातात दिली. मी कात्री उचलली आणि परत खाली ठेवली.

"राहू दे वं," मी म्हणाले. "अजून विचार कर. कापलेले परत लावून देता येत नाहीत मले."

"कापा काकू."

कापले. कात्री मिटली तसे उरलेले केस माझ्या बोटांतच वाळले. वर पाहिलं तर खोलीत आम्ही दोघीच. फरशी ओली होती. कापलेली वेणीही कुठे दिसेना.

तेव्हापासून ती माझ्याकडेच राहते. कागदपत्रं कशी जमवली ते इथे लिहीत नाही. सातवीत बसते, वर्गात सगळ्यांत उंच. गणितात बोंब आहे आणि दिवसभर नुसती बडबड. सलवार दोनदा उसवून लांब केली, तेव्हा दोन्ही वेळा घरभर नाचली.

दिवाळीनंतर हट्ट करून तिने मला खाप्याला नेलं, नदीवर. गुडघाभर पाण्यात उभी राहून बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळली, चेहरा एवढासा झालेला.

"काकू, मले त्या दिसतच नाहीत."

मला दिसत होत्या. सहाच्या सहा, तिला खेटून उभ्या. सांगू की नको, मला कळेना. मग सांगितलं, "तुझ्या उजव्या हाताला मोठी उभी आहे."

ती उजवीकडे वळली आणि जरा भलतीकडेच बघून हसली. "तिले सांगा, मी मोठी होऊन राहिली." मोठीने तिच्या गालाला हात लावला. पोरीला काही समजलं नाही. मला मात्र तिथे काठावर उभ्या उभ्या रडू फुटलं.

आता आम्ही दर महिन्याला जातो. कोण कुठे उभी आहे, कोण हसली, कोणी डोळे पुसले, ते मी सांगते आणि ती त्या त्या दिशेला बोलते. तिच्या बहिणी तिला न दिसता मलाच का दिसतात, हे मला आजही समजलेलं नाही. आता समजून घ्यायची घाईही नाही. पण पन्नाशी उलटली माझी. माझ्यानंतर तिला कोण सांगेल, एवढीच काळजी लागून राहिली आहे.