गाणेवाला डब्बा

"फू!"

चाचा आधी फुंकर मारत, मग बोलत. काउंटरवर काही ठेवायचं असलं की काउंटरवर फू. मेमरी कार्ड हातात घेतलं की कार्डावर फू. एकदा मी वाकून बिल लिहीत होतो, तर थेट माझ्या चष्म्यावर फू! जन्मभर कापूस पिंजलेल्या माणसाला सगळं जग रुईखाली झाकलेलं दिसत असावं. फुंकर मारल्याशिवाय खालची वस्तू दिसणार कशी?

अकोल्याच्या जठारपेठेत माझं मोबाइलचं दुकान. त्याच रस्त्यावर चार शटर सोडून टिनाच्या शेडमध्ये चाचांचं पिंजायचं मशीन. जुन्या गाद्या उसवायच्या, दबलेला कापूस पिंजून पुन्हा भरायचा आणि वीतभर सुईनं टाके घालायचे, हे त्यांचं काम. मूळचे अंजनगाव सुर्जीचे. बायको वारलेली. एकुलता एक मुलगा वरूडहून संत्र्याचा ट्रक चालवायचा. बाकी गोतावळा म्हणजे भुवयांवर बसलेला कापूस. पिठाच्या गिरणीतून आत्ताच बाहेर आल्यासारखे ते बारा महिने पांढरे.

ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. कापसाचा भाव पडलेला, खेड्यांत लग्नं पुढं ढकलली जात होती आणि लग्न नाही म्हणजे नवी गादी नाही. ज्यांच्या शेतात कापूस, त्यांच्या घरी गादी भरायला कापूस उरत नव्हता. शहरातल्या लोकांना फोम हवा. चाचा म्हणायचे, "कापसाच्या मुलखात लोकं पावासारक्या गाद्यांवर झोपून राहिले, भाऊ!" आणि हसायचे. हसले की कापूस उडायचा.

तर एका शुक्रवारी नमाज आटोपून चाचा दुकानात आले. काउंटरवर फू केलं आणि पाटीएवढा चकचकीत फोन ठेवला.

"पोरानं देला. वापस घ्या. याच्या बदल्यात मले गाणेवाला डब्बा द्या."

आता विचार करा. सगळं अकोला बटणाचे फोन टाकून असल्या फोनसाठी माझ्या दारात उभं, आणि हा गृहस्थ उलटा निघालेला! माझ्यातला नट जागा झाला. मी तो फोन हातात धरून असं वर्णन केलं, की ऐकून रस्त्यावरची हारवाली ताई गजरा अर्धा सोडून आत आली. यात सिनेमा दिसतो, यात मक्का दिसते, यात मुलाचं तोंड दिसतं!

"दिसते," चाचा म्हणाले. "पन त्यानं लावला तर."

मग त्यांनी सांगितलं. मुलगा म्हणाला होता, अब्बा, गाडी अकोल्याच्या बायपासवरून गेली की फोन करीन. आता पिंजायच्या मशीनच्या आवाजात फोन काय, तोफ ऐकू येत नाही. म्हणून चाचा दर दहा मिनिटांनी मशीन बंद करत, हात पुसत, फोनवर फू करत आणि बघत. काही नाही. पुन्हा मशीन चालू. तीन महिन्यांत गिऱ्हाइकांच्या गाद्या उसवलेल्या पडून राहिल्या. लोक चटयांवर झोपून शिव्या देऊ लागले.

"अन् दुसरं सांगू काय भाऊ? फोन गप बसला, तर मुद्दामून गप बसल्यावानी वाटते. डब्बा गप बसला, तर चार्जिंग संपली. बस."

माळ्यावर एक जुना प्लेअर होता, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. तो काढून दिला. चाचांनी त्याच्यावर चारी बाजूंनी फुंकर मारली.

"हे लाल बटन कायचं?"

"आवाज भरायचं. तुमच्या काय कामाचं!" मी म्हणालो. असली शहाणपणाची वाक्यं मी फार सहज बोलतो.

दोरीत ओवून डब्बा त्यांच्या गळ्यात गेला, त्याची वायर कानात. तेव्हापासून दर शुक्रवारी कार्डात गाणी भरून न्यायची. मागणी ठरलेली. "दोन कव्वाल्या, मधात एक लावनी, मंग काहीतरी अल्लाचं. लावनी ऐकून तसंच झोपू नाई." एका कानात गाणं, दुसऱ्या कानात मशीन. गाद्या पुन्हा वेळेवर मिळू लागल्या.

पण मंडळी, चाचा मोठे हुशार. पोराला त्यांनी माझ्या दुकानाचा नंबर देऊन ठेवला होता. "आला तं सांगजा," एवढंच म्हणाले. म्हणजे वाट पाहायचं काम त्यांनी अलगद माझ्या गळ्यात घातलं!

दर शुक्रवारी ते येत. मी कार्ड भरेपर्यंत काउंटरवरच्या फोनकडे बघत नसल्यासारखं दाखवून बघत. मला राहवत नसे.

"चाचा, काही फोन नाही आला."

"मी कुठं इचारलं?"

दर शुक्रवारी हाच संवाद. पहिले काही आठवडे मला त्याचं हसू यायचं. पुढं पुढं शुक्रवार आला की सकाळपासून मीच फोनकडे बघत बसायचो.

मग मी एक आगाऊपणा केला. एका शुक्रवारी ते दारात दिसताच ओरडलो, "चाचा, आला बरं फोन! मी म्हटलं बोलावतो, पण गाडी घाईत होती. म्हणाला, अब्बाले इचारा, जेवले का?"

चाचांनी फुंकर मारली नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"माहा पोरगा असं नाई इचारत, भाऊ. तो म्हनते, 'हां अब्बा, बोलो.' मंग मीच बोलतो." कार्ड पुढं सरकवत म्हणाले, "तुमी चांगले हा. पन त्याच्या तोंडानं नका बोलू."

त्या आठवड्यात माझीही गादी त्यांच्याकडे पिंजायला होती. ती त्यांनी स्वतः खांद्यावर आणून दिली. आणि सहज म्हणाले, "दोन मानसाची गादी, अन् एकाच अंगाचा कापूस दबला. बाईसाहेब?"

"लेकीकडे असते, पुण्याला. दिवाळीत येते."

"हं," म्हणाले आणि गादीवर एक हलकी फुंकर मारून गेले. एवढ्या फोनवाल्या दुकानात बसून मी पुण्याला दिवसाचे किती फोन करतो, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी कार्डात गाणी भरली आणि दुसऱ्या कव्वालीनंतर माझाच आवाज टाकला. रेडिओवाल्यासारखा घसा खाकरून. "हे जठारपेठ केंद्र आहे. आता बातम्या. बातमी काहीच नाही. चाचा, जेवले का?"

आठवडाभर मी मनात हसत होतो. शुक्रवारी चाचा आले. फू.

"भाऊ, तुमी मधातच बोलले. मी मशीन बंद केली अन् 'हाव जी' म्हनलो. पायतो तं शेडमधी कोनीच नाई!"

"मग काढून टाकू?"

"कायले काढता? राहू द्या. पन दर शुक्रवारी नवं टाकजा. एकच एक गोष्ट इचारली, तं मी काय भुलक्कड हाओ काय?"

झालं. जठारपेठ केंद्र रीतसर सुरू झालं. भाजी कोणती केली? गुडघा काय म्हणतो? हारवाल्या ताईची उशी भरून दिली का? मी एक प्रश्न टाकायचो आणि गाणी पुढं चालू. उत्तर मला कधी मिळालं नाही. शुक्रवारी चाचा कव्वाल्यांविषयी बोलत, प्रश्नाविषयी अवाक्षर नाही. मी समजायचो, म्हाताऱ्याला नुसती गंमत वाटते.

असं दोन वर्षं चाललं. मुलगा एकदा बकरी ईदला येऊन गेला, एवढं कळलं. एका उन्हाळ्यात कापसाच्या धुळीनं जडलेलं छातीचं दुखणं वाढलं, तेव्हा चाचा बहिणीकडे अंजनगावला निघाले. जाताना एसटी पकडायची घाई, तरी दुकानात डोकावले. "आठ दिवसांत येतो. गाने तयार ठेवजा." मी ठेवली.

त्यानंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी तिशीतला एक उंच माणूस आला. हातांना संत्र्याच्या सालीचा वास. त्यानं खिशातून डब्बा काढून काउंटरवर ठेवला. दोरीला अजून कापूस चिकटलेला होता. मला काही विचारावं लागलं नाही.

"अब्बानं जाता जाता तुमालेच द्यायला सांगतलं," तो म्हणाला. "म्हने, भाऊच्या सवालाचे जवाब हायेत याच्यात."

मी दर शुक्रवारी फक्त कार्ड काढून भरत होतो. डब्ब्याच्या पोटात काय साठतंय, ते कधी पाहिलंच नव्हतं. वायर लावली. संगणकावर एकाखाली एक आवाजांची रांग उमटली. पहिल्यावर क्लिक केलं.

"फू. हाव भाऊ, जेवलो. भरीत होतं. तुमी जेवले काय?"

"फू. गुडगा बरा हाये. मेसचा डब्बा खाऊ नका रोज. पोट बिघडते."

"फू. ताईची उशी भरली. पैसे नाई घेतले, गजरा घेतला. कोनाले द्यावा समजलं नाई, मशीनले बांधला."

आम्ही दोघं उभे राहून ऐकत होतो.

शेवटच्या आवाजात आधी मशीनची घरघर होती. मग ती थांबली.

"फू. भाऊ, पोराचा फोन आल्ता काय?"

दूर कुठं तरी एका गाडीचा हॉर्न.

"जाऊ द्या. मी कुठं इचारलं?"

पोराच्या खिशात फोन वाजू लागला. त्यानं न बघता तो बंद केला. दोन्ही हात काउंटरवर टेकवून तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "अंकल, बोलायच्या पयले ते करतात ना अब्बा... तेवढंच लावा ना परत."

मी तेवढंच लावलं.

फू.

आम्ही दोघांनीही डोळे मिटून घेतले. कापूस उडाला की मिटावेच लागतात.