पदराखालचं बोट

दुपारच्या जेवणाचं जडपण पापण्यांवर उतरतं तेव्हा त्रिशला दिवाणावर कलंडलेली असते, आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत असते. चारला दिवटे सर यायचे आहेत. त्यांना हो म्हणायचं की नाही?

गोष्ट तिच्या सासूची, जिनमतीबाई चौगुल्यांची आहे. सांगलीच्या हळदपेठेवरची त्यांची 'पिवळी गल्ली' ही कादंबरी गावोगावी वाचली गेली, आणि वाचून झाल्यावर लोक कुजबुजायला लागले की ही बाईने लिहिलेलीच नाही, वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या बाळगोंडा मास्तरांनी लिहिली. बाई गेल्या, मास्तरही गेले, कुजबूज मात्र धडधाकट आहे. आता नवी आवृत्ती निघतेय आणि तिचे संपादक दिवटे सर यांना मुखपृष्ठावर दोन नावं हवी आहेत. काल ते "साहित्यिक सहजीवन" म्हणाले, आणि म्हणताना ओठाच्या कोपऱ्यात जमलेली पानाची लाळ त्यांनी अशी चवीने आत ओढली की त्रिशलाने त्यांच्यापुढची पोह्यांची बशीच उचलून नेली. नवरा म्हणतो, "आईचं नाव राहतंच की. कशाला वाद?" पण पुस्तकाचे हक्क सासूने सुनेच्या नावे करून ठेवलेत. तोंड सुनेलाच उघडायचंय.

पंखा फिरतो. फिरता फिरता त्याचा आवाज चाळणीसारखा होत जातो.

कुणीतरी काहीतरी चाळतंय. त्रिशला स्वयंपाकघरात जाते, तर आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, भिंतीला टेकून पाटावर बसल्यात, डोक्यावर पदर, पाय लांब सोडलेले. त्या वारल्यात हे दोघींनाही माहीत आहे आणि दोघींनाही त्याचं काही वाटत नाही.

"आधण कुणासाठी ठेवलंयस?"

"दिवटे सर येणार आहेत."

"तो अजून आहे होय?" आत्याबाई म्हणतात. "तरीच आमच्याकडं इतकी शांतता."

"आत्याबाई, हे चाळतंय कोण?"

"बघ की जाऊन. तुझ्याच घरात चाललंय."

त्रिशला कोठीचं दार उघडते. आत डबे नाहीत, नगरवाचनालयाचं सभागृह आहे. व्यासपीठावर लांबलचक टेबल, त्यावर आत्याबाईंची ट्रंक उपडी केलेली. शाल पांघरलेली माणसं लुगडी हुंगतायत. एकजण काखेचा भाग शोधून तिथे नाक खुपसतो, डोळे मिटतो, शेजाऱ्याकडे सरकवतो. मधोमध दिवटे सर कणकेच्या चाळणीत कादंबरीची पानं चाळतायत. अक्षरं भुरूभुरू खाली पडतायत आणि जाळीवर काय उरतं ते सगळे वाकून बघतायत.

"काय शोधताय?" त्रिशला विचारते.

"पुरुषाचा केस," सर म्हणतात. "एक जरी सापडला तरी पुरे. या ना ताई, तुम्हीही बघा."

त्रिशला मागे वळायला बघते. तरी तिचे पाय पुढे जातात. तीही मान वाकवून जाळीकडे बघते, आणि बघतेय हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच शिसारी येते.

"सापडला का गं?" आत्याबाई तिच्या मागेच उभ्या आहेत.

"मी नुसतं..."

"नुसतंच तर सगळे बघतायत."

सभागृहाच्या खुर्च्या आता हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या झाल्यात. दोघी त्यांच्यामधून चालतात, नाकात पिवळी धूळ जाते. त्रिशलाला रडू येतंय, पण ती भांडल्यासारखी बोलते.

"मग करू काय मी? माझं लग्न झालं तेव्हा पुस्तक छापून झालेलं होतं. तुम्हाला लिहिताना मी कधी पाहिलं नाही."

"मी मेले तेव्हाही तू माहेरी होतीस. तरी मेलेच की मी."

"मास्तर काय करायचे?"

"ऱ्हस्वदीर्घ बघायचे. आणि मुगाची भजी खायचे. भजी जास्त."

"सर म्हणतात, रुमालाचं प्रकरण बाईला सुचणारच नाही."

ते या कादंबरीतलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. पेठेत पूर्वी हळदीचा भाव तोंडाने बोलत नसत. अडत्या आणि व्यापारी हातांवर रुमाल टाकायचे आणि आत एकमेकांची बोटं धरायचे. जितकी बोटं, तितका भाव. अख्खं प्रकरण त्या रुमालाच्या आत घडतं: घाम, अंगठीची धार, आणि खोटं बोलणारं एक बोट. त्या रुमालात बाईचा हात कधी गेला होता, असं सर विचारतात आणि सभेत हशा मिळवतात.

पोत्यांच्या पलीकडे आता घरचीच पंगत बसलीय. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून वाढण्याची घाई चाललीय. पुरुष जेवतायत, बायका दाराशी उभ्या आहेत.

"तुझ्या आजेसासऱ्यांपुढं सुनांनी तोंड उघडायचं नव्हतं," आत्याबाई म्हणतात. "मग दुरडीत भाकरी किती उरल्या, हे धाकट्या जावेनं मला सांगायचं कसं? पदराखाली बोटं धरायची. पुरुष पेठेत शिकले, आम्ही चुलीपाशी. एकदा चार भाकरी असताना तिनं दोनच बोटं धरली. पोटुशी होती, भूक लागली होती बिचारीला. बोट खोटं बोलायला लागलं की आधी गार पडतं, ते तिथं कळलं मला."

त्रिशला थांबते. ते वाक्य तिला पाठ आहे. पुस्तकात ते व्यापाऱ्याच्या तोंडी आहे.

"हे सांगते मी सरांना."

"सांग. तो तेही चाळणीत घालेल. म्हणेल, जावेनं लिहिलं." आत्याबाई तोंड वाकडं करतात, जिभेवर आंबलेलं काही आल्यासारखं. "बाई, भाजी खारट झाली तेव्हा कुणी विचारलं नाही, नक्की हिनंच केली का."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. एकदाच. मुखपृष्ठावर नावं किती?"

आत्याबाई तिच्याकडे बघतात. रागावलेल्या आहेत, आणि राग फार जवळच्या माणसावरचा आहे. पंगतीतून कुणीतरी खाकरतं. लगेच त्यांचे ओठ मिटतात, जन्मभराच्या सवयीने. त्या पदर पुढे ओढून त्रिशलाच्या हातावर टाकतात. आत त्यांचा हात चाचपडत येतो, तिचं एक बोट धरतो, एकच, आणि मुळापासून असा आवळतो की ती कळवळते. तो हात चांगला कढत आहे.

"त्रिशला, ऊठ, सर आलेत," नवरा दारातून सांगतो.

ती बाहेर येते. दिवटे सर सोफ्यावर कागद मांडून बसलेत, ओठाचा कोपरा तांबडा.

"मग ताई, काय ठरलं?"

"नाव एकच," त्रिशला म्हणते. "जिनमती चौगुले."

"अहो, पण पुरावा..."

ती चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवायला जाते, पण तर्जनी वाकत नाही. बोट मुळाशी लालभडक सुजलंय, आणि सुजेच्या मधोमध नखाची चंद्रकोर उमटलीय, आतून अजून रक्ताने भरत असलेली.