उजवीकडचा आवाज

रेल्वेत माझी सगळी नोकरी हातोडीवर झाली. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेनं चालायचं, प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचा आणि ऐकायचं. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. अशा माणसाला मुलानं विजेवर चालणारी कार घेऊन दिली. इंजिनाची घरघर नाही, गिअरची कुरकुर नाही. मग त्या शांततेत दुसरं काहीही वाजलं तर मला ऐकू येणारच की!

चौथ्या महिन्यात वाजलं. माधव नगरच्या उखडलेल्या रस्त्यावर गाडी हळू चालली की चाकाजवळून टक् टक् यायचं. उजवीकडून. मुलाला शेजारी बसवून दोन चकरा मारल्या. त्याचा एक कान मोबाइलला, वर एसी फुल.

"बाबा, मला तर काहीच नाही ऐकू येत."

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी लिफ्टवर चढवली, कॉम्प्युटर लावला आणि "सब ओके" म्हणून ते हसले. मला हसणारे इन्स्पेक्टर आवडत नाहीत. मी डिकीतून माझी जुनी हातोडी काढली आणि त्यांच्या चकचकीत हॉलमध्ये चारही चाकं ठोकून पाहिली. मुलानं कपाळाला हात लावला. "बाबा, कार आहे ही, मालगाडी नाही!" माझी पीडा टळावी म्हणून त्यांनी उजवा शॉकर बदलून दिला. फाटकाबाहेर पडलो आणि टक्.

तेव्हा मुलगा गंभीर झाला. "आता एकदा शेवटचं दाखवू. नाही निघालं काही, तर कानाच्या डॉक्टरकडे जायचं आणि चावी माझ्याकडे द्यायची. नसलेले आवाज ऐकणाऱ्याला मी गर्दीत गाडी नाही चालवू देणार." मी वरवर गुरगुरलो, पण आतून घाबरलो. चावी गेली की भाजी आणायलासुद्धा दुसऱ्याच्या सवडीची वाट बघावी लागते.

भैरवगढच्या रस्त्यावर एक म्हातारा मिस्त्री होता. लोडिंग रिक्षा दुरुस्त करायचा, विजेची कार त्यानं कधी उघडलेली नव्हती. मला हेच आवडलं. बायकोही बरोबर आली. "तुम्हा बापलेकांना एकटं सोडलं तर गाडी पिशवीतून घरी आणाल," असं तिचं म्हणणं.

"मोटर बिजली की होगी बाबूजी," मिस्त्री म्हणाला, "टाँगें तो इसकी भी लोहे की हैं." त्यानं गाडी उचलली नाही. उचलली की चाकांवरचं वजन उतरतं आणि आवाज पळून जातो, म्हणाला. त्यानं आडवं होऊन गाडीखाली हात घातला आणि मुलाला बॉनेट वरखाली दाबायला लावलं. एकेका सांध्यावर हात ठेवत गेला.

"मिल गया. लिंक रॉड ढीला है."

मुलानं हात लावून पाहिलं. बोटांना टक् टक् लागलं आणि त्याचा चेहरा उतरला. मी फलाटभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "उजव्या बाजूचा ना?"

"नहीं बाबूजी, बाएँ का."

मी हटून बसलो. मुलगा मिस्त्रीची स्कूटर घेऊन नवा रॉड आणायला गेला, तोवर मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून मिस्त्रीला म्हटलं, "ठोको. मैं बताता हूँ." त्यानं पान्यानं ठोकलं. मी उजवीकडे बोट दाखवलं. पुन्हा ठोकलं, पुन्हा उजवीकडे. तिसऱ्यांदा मी पलीकडच्या, डाव्या खिडकीतून वाकून पाहिलं. पाना डाव्या चाकाजवळ होता. तिन्ही वेळा तिथंच होता.

मिस्त्री हात पुसत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "गाड़ी तो ठीक हो जाएगी बाबूजी. कान दिखा लेना." बायको प्लास्टिकच्या खुर्चीवरून सगळं बघत होती.

नवा रॉड बसला. रंगाऱ्यांनी रस्त्याकडेला वाळत घातलेल्या चादरींपर्यंत एक चक्कर मारून आलो, गाडी गुपचूप चालली. मुलानं दोन्ही हातांनी चावी पुढे केली. "चुकलो, बाबा. तुमचे कान पक्के आहेत." एरवी ही संधी मी महिनाभर पुरवून वापरली असती. रस्त्यावर एक हॉर्न वाजला. मी उजवीकडे पाहिलं, स्कूटर डावीकडून गेली.

"तू चालव," मी म्हटलं. "आणि उद्याची डॉक्टरची वेळ घे."

तो बघतच राहिला. मी मागे जाऊन डाव्या दाराशी बसलो. बायको माझ्या उजवीकडे आली. या गाडीत एरवी मी चालवायचो आणि ती माझ्या डावीकडे असायची; त्या बाजूला ती पहिल्यांदाच बसत होती.

"म्हणजे डावा कान गेला तुमचा," ती म्हणाली.

"दिसतंय तसं."

"जुन्या गाडीत ओरडून बोलावं लागायचं. म्हटलं, हिच्यात निवांत, हळू बोलता येईल. रोज बोलत होते मी. तुम्ही हूं की चूं करत नव्हता. मला वाटलं, कंटाळलात माझ्या बोलण्याला. मग मी बोलणंच सोडलं."

फार वाईट वाटलं मला.

"काय सांगत होतीस?"

"आता काय त्याचं. शिळं झालं सगळं."

"असू दे," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून सांग."

मुलानं समोरचा आरसा आमच्यावरून दुसरीकडे वळवला. तिनं पदर सावरला आणि सांगायला सुरुवात केली.