अप्पांचं राहिलेलं मोहोळ

माझे अप्पा गेले त्या दिवशी त्यांना अंगणात बसवून मी न्हाणीत लपलो होतो आणि आतून कडी लावली होती.

'बसवून' हा शब्द खटकला असेल तर सांगतो. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, मांडी घालून बसवतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. तर रेणापूरच्या आमच्या घरापुढं, ऐन मे महिन्यात, अप्पा भिंतीला टेकून बसले होते. सावली तेवढी एकाच जागी होती, गॅलरीखाली. आणि गॅलरीच्या स्लॅबला खालून आग्या मोहोळ लटकत होतं, चांगलं सुपाएवढं.

ते चार महिन्यांपासून होतं. अप्पा रोज सकाळी म्हणायचे, "शिवा, ते मोहोळ तेवढं काढून घे." मी रोज म्हणायचो, "काढतो की, उद्या." आदल्या दिवशी जेवताना ते शेवटचं बोलले तेही मोहोळाबद्दलच आणि माझं उत्तरही तेच. सकाळी ते उठलेच नाहीत.

जळकोटच्या आत्यासाठी चार वाजेपर्यंत थांबायचं होतं. भजन चाललं होतं आणि मी वर बघत बसलो होतो. अप्पांच्या डोक्यावर माझा चार महिन्यांचा आळस लटकत होता. वाटलं, हे काम तसंच ठेवून अप्पांना मातीत घालायचं नाही. त्यांनी माझ्याकडं मागितलेली ती एकच गोष्ट होती.

मोहोळ काढणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, आग्याला दिवसा हात लावत नसतात, अंधार पडताना येतो. तोपर्यंत अप्पा थोडेच थांबणार होते? (जिवंतपणी चार महिने थांबले, तेवढं पुरे होतं!)

मग दाजींनी तोंड उघडलं. दाजी म्हणजे बहिणीचे यजमान, उमरीचे. त्यांनी आयुष्यात काहीही केलेलं नाही, पण कसं करायचं हे सगळं त्यांना ठाऊक असतं.

"गवऱ्या पेटवा अन् वर कडुलिंबाचा ओला पाला टाका," ते म्हणाले. "धूर लागला की माशा गुमान जातेत."

"तुम्ही केलंय का कधी?"

"बघितलंय की."

कुठं, ते विचारायला हवं होतं. आई एवढंच म्हणाली की आज नको. पण मी मुलाचं कर्तव्य करायला निघालो होतो, आईचं कोण ऐकतो!

घमेल्यात गवऱ्या पेटवल्या, पाला टाकला आणि घमेलं घेऊन स्टुलावर चढलो. विधी करणाऱ्या स्वामींनी वर बघितलं आणि मंत्र अर्धवट सोडून ते उठले. (जाणकार माणूस!) धूर मोहोळाला लागला. माशा निघाल्या, दाजी म्हणाले ते खरंच होतं. फक्त त्या खाली आल्या.

पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. भजनी मंडळी टाळ टाकून शेजारच्या गिरणीत घुसली, स्वामी ज्वारीच्या पोत्यांमागं गेले, दाजी कुणाच्या तरी जीपखाली शिरले. मी न्हाणीत. तिथं आधीच तिघं होते. एकानं विचारलं, तुम्ही मयताचे कोण? मी म्हणालो, मुलगा.

पाऊण तासानं बाहेर आलो. अंगणात नुसत्या चपला पडल्या होत्या आणि भिंतीशी अप्पा बसलेले. त्यांच्यावर आणि स्वतःवर सोलापुरी चादर ओढून आई त्यांना चिकटून बसली होती. तिच्या हाताला सात काटे होते.

"आई, तू पळाली का न्हाईस?"

"तुम्हाला पळता आलं," ती म्हणाली. "ह्यांना कसं येईल?"

मला फार लाज वाटली. अजूनही वाटते.

मला बसलेले काटे बहुतेक तोंडावरच होते. तासाभरात दोन्ही डोळे सुजून मिटले. अप्पांना शेवटचं भस्म लावायला मला धरून नेलं, तर मी ते कपाळाऐवजी नाकाला लावलं. अप्पांचं तोंड मला शेवटचं बघता आलं नाही. हे हसत सांगतोय खरं, पण त्यात हसण्यासारखं काही नाही.

चार वाजता आत्या आली. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"माझ्या भावासाठी किती रडलंय बघा लेकरू. डोळे सुदिक उघडंनात." (लेकराचं वय सत्तेचाळीस.)

सगळं अंगण माझ्याकडं बघायला लागलं. खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात दाजी म्हणाले, "सकाळपासून तेच करून राहिलाय." मग काय! मला दोघांनी दंडाला धरून चालवलं आणि सगळं गाव हळहळलं.

माती देऊन परत आलो, तर अंधार पडता पडता तो मोहोळवाला आला. शब्दाचा पक्का निघाला. पंधरा मिनिटांत त्यानं मोहोळ उतरवलं.

"गेलं बघ," आई माझ्याजवळ येऊन म्हणाली. "किती दिवस म्हणून राहिले होते."

मी तोंड वर केलं. दिसलं काहीच नाही. पंधरा मिनिटांचं काम होतं. आणि मला एकदम हुंदका आला, दिवसभरातला पहिला. आत्यानं पाठीवरून हात फिरवला.

"बास कर आता," ती म्हणाली. "सकाळपासून किती रडशील?"

मी लगेच गप्प बसलो.