सुतकातला पाक

आग्रिपिनाला आमच्या गावात कुणी कधी देखणी म्हटलं नाही, हुशार म्हटलं नाही, चांगली तर नाहीच नाही. मी म्हणते. आता म्हणून काय उपयोग, ते सोडा, पण म्हणते.

आमची दारं समोरासमोर. मधली गल्ली इतकी अरुंद की तिनं कांदा परतला तर डोळे माझे चुरचुरायचे. तिचा नवरा नेल्लो संत्र्यांच्या वखारीत पेट्या ठोकायचा, आणि तीही तिथंच दिवसभर संत्री पातळ कागदात गुंडाळायची. घरी आली की सासू. दोन्ना वेनेरा. नाव घेतलं तरी अजून माझी पाठ ताठ होते.

दोन्ना वेनेराची साल म्हणजे आमच्या पंचक्रोशीत शेवटचा शब्द. कडू संत्र्याची जाड साल, पाकात मुरवलेली, काचेसारखी आरपार दिसणारी. ईस्टरच्या कसाता केकवर दुसऱ्या कुणाची साल लावली तर पाहुणे तोंड वाकडं करायचे. डॉक्टरीणबाई स्वतः यायच्या, पाद्री आपला माणूस पाठवायचा. म्हातारी खुर्चीत बसून कौतुक ऐकून घ्यायची, आणि आग्रिपिना मागं उभी, कोपरापर्यंत ओली. म्हातारीची बोटं संधिवातानं आखडून दहा वर्षं झाली होती. चमचासुद्धा धरवत नव्हता तिला. साली सोलणं, आतला पांढरा भाग खरवडणं, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलणं, मग रोज पाक गाळून कढवून पुन्हा सालींवर ओतणं, असं नऊ दिवस, हे सगळं कोण करत होतं ते गल्लीत आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलतंय कोण!

"पाणी बदललंस का गं?" म्हातारी खुर्चीतून विचारायची.

"बदललं, सासूबाई."

"वास घे बघू. अजून कडूच येतोय. तुझ्यासारखा."

आग्रिपिना पुन्हा बादली उचलायची.

अडुसष्ट सालच्या नाताळात म्हातारीनं अंथरूण धरलं. फेब्रुवारीत चौकातला मिठाईवाला डॉन फिलाडेल्फो आग्रिपिनाला वखारीच्या दारात भेटला. तो वीस वर्षं तीच साल विकत घेत होता, मूर्ख नव्हता. म्हणाला, ईस्टरला वीस किलो दे, आणि डब्यावरच्या चिठ्ठीवर नाव तुझं छापतो.

हे तिनं मला कपडे वाळत घालताना सांगितलं. चिमटा तोंडात, आणि त्याच तोंडानं हसत होती. मी तिला असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं.

"तुझं नाव? छापील?"

"छापील. 'आग्रिपिनाची साल'. तो म्हणाला, अक्षरं हिरवी घेऊ."

"मग मलाही घे की. वीस किलो एकटीनं कसं करशील? दोघी मिळून करू."

"नको गं नुन्झिया. एवढं एक मला एकटीला करू दे."

माझ्या पोटात दुखलं. आता लपवून काय करू? दुखलंच. वर तोंड भरून म्हटलं, "कर बाई, कर. आमचं काय!"

तिनं केलं. वखारीतून आल्यावर करायची, म्हातारीची उशी बदलता बदलता करायची. म्हातारीला वास यायचाच. "माझं नाव पुसायला निघालीस," असं ती भिंतीकडं तोंड करून म्हणायची. आग्रिपिना साली खरवडत राहायची. साली पाकात पडल्या आणि तिसऱ्या दिवशी पहाटे म्हातारी गेली. ईस्टरला पंधरा दिवस होते.

आमच्याकडं ज्या घरात मयत होतं तिथं तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारपाजारचे सूप, पाव, मांस घेऊन जातात, घरच्यांनी खायचं आणि रडायचं. आरसे झाकायचे, दार अर्धं उघडं ठेवायचं. यात कुणाला सूट नाही, राजा असो की भिकारी. आणि तिसऱ्या दिवसाचा पाक म्हणजे पाणीच. तो रोज कढला तरच टिकतो. त्यात आफ्रिकेकडून गरम वारा सुटलेला, भिंती घामेजलेल्या. तीन दिवस म्हणजे वीसच्या वीस किलो फसफसून जाणार.

म्हातारीला आंघोळ घालून, काळे कपडे चढवून आग्रिपिना माझ्या दारात आली.

"नुन्झिया, तुझ्या चुलीवर पाक कढवून देतेस? तीनच दिवस. भांडी मी मागच्या दारानं आणते, कुणाला कळायचं नाही."

तिच्या डोळ्यांत रडू नव्हतं, भीती होती. मला ते दिसलं. तरी मी म्हटलं, "मयताच्या घरातली भांडी माझ्या चुलीवर? नको गं बाई. माझीही लेकरं आहेत."

ती वळून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या खोलीत शवपेटी, भोवती आम्ही वीसेक बाया, हातात जपमाळा. नेल्लोची बहीण जेसुअल्दा कातानिया शहरातून आलेली, आईच्या डोक्याशी बसून गळा काढत होती. तेवढ्यात आग्रिपिना पोट धरून उठली. "मुरडा आलाय," म्हणाली आणि मागं गेली. कुणी लक्ष दिलं नाही.

पाच मिनिटांत वास आला. मागच्या अंगणापलीकडं रिकामा गोठा होता, तिथं तिनं छोटी गॅसची शेगडी लावली होती. पण तो वारा! संत्र्याचा, साखरेचा वास थेट त्या मेणबत्त्यांमधे आला. वीस नाकांना कळलं. वीसही जणींनी माना खाली घातल्या आणि जप मोठ्यानं सुरू केला. म्हणजे सगळ्या पोटात घालायला तयार होत्या! देवाशपथ, तयार होत्या.

मी बोलले. "अगं बायांनो, साखर कोण उकळतंय? घरात मढं असताना?"

एवढंच. जेसुअल्दा ताडकन उठली. मग गोठ्यातून आरडाओरडा, आणि भांडं फरशीवर आदळल्याचा आवाज. आम्ही धावलो. उकळता पाक अंगणभर, आणि आग्रिपिना गुडघ्यांवर बसून त्या साली उघड्या हातांनी गोळा करत होती. तळहात भाजत होते आणि ही गोळा करत होती.

"माझी आई आत थंडगार पडलीय, आणि ही मिठाई करतेय!" जेसुअल्दा किंचाळत होती. "सटवे! वाटच बघत होतीस!"

नेल्लो दारात उभा होता. त्यानं बायकोकडं पाहिलं आणि म्हणाला, "आत ये. लोक बघतायत." त्यानंतर किती वर्षं तो तिच्याशी कामापुरतंच बोलला, ते मी समोरून पाहिलंय.

त्या दुपारी शेजारणींनी सूप आणलं. नेल्लोला वाढलं, जेसुअल्दाला वाढलं. आग्रिपिना हातांना फडकी गुंडाळून टेबलाशी बसली होती. तिच्या ताटलीत कुणी काही वाढलं नाही. मीही नाही. सूप माझ्याच घरचं होतं.

मग काय, गावाला विषयच मिळाला. सासूचं प्रेत निघायच्या आत साखर उकळणारी बाई. वखारीत तिच्या शेजारच्या पाटावर कुणी बसेना. तिनं केलेला पाव कुणी घेईना. मिठाईच्या दुकानात तिच्या नावाची चिठ्ठी काही लागली नाही. लागणार तरी कशी!

पण साल मात्र लागली. पुढच्या ईस्टरला डॉन फिलाडेल्फोच्या काचेत डबे, वर हिरव्या अक्षरांत: 'दोन्ना वेनेराची साल'. गाव हळहळलं. "बघा, म्हातारी गेली पण तिची रीत त्यानं राखली हो!" मीही घेतली. चव तीच होती. मला वाटलं, दुकानातच करत असतील; समोरून तर गल्लीत कधी वास आला नाही.

सात वर्षांनी माझी मुलगी त्या दुकानात गल्ल्यावर लागली, तेव्हा कळलं. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आई, ती साल समोरच्या मावशीकडून येते. रात्री मागं गोठ्यात कढवते, मागच्या दारानं पाठवते. मालक म्हणाले, बाहेर बोललीस तर कामावरून काढीन."

मला रात्रंदिवस चैन पडेना. शेवटी एका रविवारी गल्ली ओलांडली. सात वर्षांत पहिल्यांदा. आग्रिपिना मोरीपाशी साली खरवडत होती. तळहातांवरची कातडी अजून चकाकत होती. मला पाहून थांबली नाही.

"बस," म्हणाली.

"आग्रिपिना, त्या दिवशी मी बोलले गं."

"ठाऊक आहे. मी गोठ्यात होते, बहिरी नव्हते."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "मी सांगते गावाला. आजच सांगते, प्रार्थना सुटली की चर्चबाहेर उभी राहून ओरडते. सात वर्षं तुम्ही खाताय ती साल हिची आहे, म्हणते!"

"आणि मग उद्यापासून ती कोण खाईल?"

मी रुमालानं डोळे पुसले.

"फिलाडेल्फो म्हणाला, मेलेल्याच्या हाताला कुणी नावं ठेवत नाही. खरं आहे ते. निदान करता येतं मला." तिनं सुरी धुतली, पुसली. "नुन्झिया, तू एकदा तोंड उघडलंस ते मला जन्माला पुरलं. आता मिटून ठेव."

मी मिटून ठेवलं. तब्बल बावीस वर्षं. दर ईस्टरला लोक दोन्ना वेनेराच्या नावानं बोटं चाटायचे, आणि समोरच्या दारात ही उभी असायची, ओल्या हातांनी. तिला कुणी ईस्टरच्या शुभेच्छासुद्धा देत नव्हतं.

या जानेवारीत आग्रिपिना गेली. चर्चमधे आम्ही सहा जण होतो, त्यातला एक घंटा वाजवणारा. यंदा फिलाडेल्फोच्या पोरानं कारखान्यातली साल मागवली. चिठ्ठी तीच ठेवली.

आता ईस्टर होऊन आठवडा झाला. काल पाणवठ्यावर बाया म्हणत होत्या, दोन्ना वेनेराच्या सालीची चव गेली हो. मी विचारलं, कधी गेली?

"यंदाच," म्हणाल्या. "गेल्या वर्षीपर्यंत म्हातारीच्याच हातची वाटायची."