नानांनी शिवलेलं तोंड

हात मी उचलला नव्हता नाना, तुम्ही उचलला होता.

आणि काल मेलात म्हणून भांडण मिटलं, असं काही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. धुळ्यात नाना हवेचे पुतळे शिवायचे. दुकानाच्या उद्घाटनाला हात हलवणारा माणूस, केळीवाल्यांच्या मेळाव्याला वीस फुटी केळं. मी आठवी नापास. सहा वर्षं त्यांच्याकडे शिलाई मारली.

एका संस्थेने तंबाखू सोडवायच्या शिबिरांसाठी हवेचं तोंड मागितलं. माणूस आत चालत जाईल एवढं. दात, जीभ, आणि गालाला आतून कॅन्सरचा पांढरा चट्टा.

चट्ट्याचा फोटो त्यांनी दिला होता. नाना, तुम्ही तो बाजूला ठेवलात. भिंतीवरच्या आरशात स्वतःचं तोंड उघडून बघितलंत आणि कापडावर खडू फिरवलात.

मी म्हणालो, फोटो बघा ना.

"फोटो धुरकट शे. आठे आरसामा चांगलं दिसस."

तो चट्टा मी कापला. मीच शिवला. हुबेहूब झाला. डॉक्टरांनी पण वाहवा केली.

शिबिरात तुम्ही हवा भरणाऱ्या ब्लोअरजवळ बसायचात, त्याच तोंडाच्या सावलीत, गालात तंबाखू धरून. लोक आतून घाबरून बाहेर यायचे आणि तुम्ही त्यांनाच चुना मागायचात.

सावद्याच्या शिबिरात, आत शिरणाऱ्या एका बाईंना मी सगळ्यांसमोर बोललो. मॅडम, आत कशाला जाता, आमच्या नानांचं बघा. ओरिजिनल आहे.

लोक हसले.

तुम्ही थोबाडीत मारली. "मना तोंडले काय धाड भरनी रे?"

त्याच आठवड्यात मी निघालो. आता कोचीनला मांडव आणि स्टॉल उभे करतो.

कालपासून सगळे म्हणतात, तू तर आधीच सांगितलं होतंस.

खोटं आहे. तुम्हाला वाचवायला नव्हतो बोललो. सकाळी संस्थेच्या माणसासमोर तुम्ही माझ्या शिलाईला नावं ठेवली होती, त्याचा राग काढला. खरंच सांगायचं असतं तर दुकानात सांगितलं असतं. सहा वर्षं दोघंच तर होतो तिथे.

ऑपरेशननंतर तुमचा व्हिडिओ कॉल आला. अर्धा जबडा नव्हता. बोलता येत नव्हतं, नुसते बघत होतात.

मी म्हणालो, रेंज नाही. कट केला.

रेंज होती.

आज तुमच्या घरी फोन लावला. अक्कांनी मोबाईल फिरवून दुखवट्याला दारावर येऊन बसलेले लोक दाखवले. मधोमध ताट. तंबाखू, चुना, सुपारी, बिड्यांचे कट्टे.

मी म्हणालो, अक्का, तुमचा नवरा कशाने गेला?

"दारवर बठ्ठं गाव येस रे भाऊ. ताट नहीं ठेवं तं लोके काय म्हनतीन?"

मागून कोणीतरी म्हणालं, नानाला आवडायची, त्याच्या नावाने चिमूटभर घेतो.

संस्था कधीच बंद पडली. ते तोंड दुकानात घडी घालून पडलंय. जो कोणी हे वाचेल त्याने अक्कांना सांगा. दहाव्याला ते दारात उभं करा. ताट ठेवायचंच तर आत जिभेवर ठेवा. ज्याला चिमूट पाहिजे त्याने आत जाऊन घ्यावी, डाव्या गालाचा चट्टा बघून. तो नानांच्या मापाचा आहे.

ब्लोअर जळालाय म्हणे. दिवसभरासाठी भाड्याने आणा. सोबत जनरेटर घ्या, लाईट जाते.

जा नाना. गाल अजून झोंबतो.

तंबाखूला यातला एक रुपया लावायचा नाही. ब्लोअर-जनरेटरच्या भाड्याचे अक्कांच्या नंबरवर टाकतोय, चार हजार दोनशे.