रोषणाईपुढचा नारळ

आखातातल्या आमच्या रिफा शहरात कोणी पायी चालताना दिसला, की त्याची गाडी बंद पडली असावी असे लोक समजतात. गेल्या डिसेंबरात मी सासूबाईंना राष्ट्रीय दिनाची रोषणाई पायीच दाखवली. हट्ट त्यांचा. "गाडीतून काय दिसतं? गुहागरात आम्ही गणपतीची आरास घरोघरी चालत बघतो." त्यासाठी त्यांनी सकाळी माझ्याकडून एक नारळही मागवला. कानाशी धरून हलवला, पुन्हा एकदा हलवला आणि पिशवीत टाकला. कशाला हवा, हे मी विचारले नाही. (वीस वर्षे बातमीदारी करून!)

बायको हॉस्पिटलात ड्यूटीवर होती. "आईला धड घरी आण," एवढीच तिची सूचना.

लाल-पांढऱ्या दिव्यांनी मढवलेले बंगले बघत आम्ही तीन गल्ल्या पार केल्या. मी फोटो काढत पुढे, सासूबाई मागे. मग माझ्या लक्षात आले, एक पांढरी गाडी आमच्या मागून चालीच्या वेगाने येत होती.

"आई, मागे बघू नका."

त्यांनी लगेच वळून बघितले. "कोण आहे?"

"तेच कळत नाही."

मी गाडीचा नंबर टिपला आणि उगाच दोनदा वळलो. गाडीही वळली. सासूबाईंचा गुडघा दुखू लागला.

"जावईबापू, तुम्ही कुणाचं काही छापलंय का?"

तिसऱ्या वळणावर रस्ताच संपला. गाडीतून पांढऱ्या पायघोळ अंगरख्यातले एक वयस्क गृहस्थ उतरले आणि दहा पावलांवर थांबले.

"भाई, हमारा गेट पे थैली तुम रखा?"

"नाही," मी ठामपणे सांगितले.

"मी ठेवली," सासूबाई म्हणाल्या. "नारळ आहे. आरास काय रिकाम्या हातानं बघतात?"

त्या बेवारस पिशवीपायी गृहस्थांचे सगळे घर मागच्या दाराने बाहेर पडून गल्लीत उभे होते. चौकीदाराने माझे वर्णनही देऊन ठेवले होते: चष्मेवाला, घरांचे फोटो काढतो.

त्यांच्याच गाडीतून आम्ही परत गेलो. "यल्ला, चलो, तुम खोलो," गृहस्थ लांबूनच म्हणाले. मी नारळ बाहेर काढला. कोणाचीही खात्री पटली नाही. मी तो फुटपाथच्या काठावर फोडला. सासूबाईंनी चौकीदाराची सुरी घेऊन सर्वांच्या हातावर खोबरे ठेवले. कोणी तोंडात टाकेना.

"पहले तुम," गृहस्थ मला म्हणाले.

मी खाल्ले. सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. आधारासाठी मी सासूबाईंकडे पाहिले. त्यांचाही तुकडा हातातच होता.

"नारळ तुम्ही निवडलाय," त्या म्हणाल्या. "मी जरा थांबते."